खालच्या मजल्यावरची बिस्किटं

मी पदवीधर झालो तो मोरेबाईंमुळे. दहावीनंतर त्यांनी मला घरी ठेवून शिकवलं. नोकरी लागल्यावर मला त्यांना पहिल्यांदाच काही पाठवायचं होतं. अमिरातीतल्या अल ऐनमधून कोणी गावी निघालं की बॅगेत चार घरांचं सामान जातं, म्हणून उत्तम खजूर घेऊन बाईंच्या कोपरगावला निघालेल्या खालच्या शेजाऱ्यांकडे दिला.

या गृहस्थांना कड्यासारखी गोल इटालियन बिस्किटं घरी करायचं वेड आहे. मूळ कृतीत वाइन असते, हे द्राक्षाचा रस घालतात. दर रविवारी बशी घेऊन दारात हजर! "खरं सांगा हं!" खरं सांगितलं की म्हणणार, "हबीबी, तुम्हाला चवच नाही. ती कडकच असतात."

निघायच्या दिवशी ते सहज म्हणाले, "वजन जास्त भरलं हो. तुमचा खजूर काढला, त्यात माझी बिस्किटं भरली. खजूर काय, कोपरगावातही मिळतो!"

बॅगेला कुलूप लागलं होतं. मी वर जाऊन पत्र लिहिलं आणि पाकीट चिकटवून त्यांच्याच हाती दिलं:

"आदरणीय बाई, सा. न. खजूर पाठवत होतो, बिस्किटं येताहेत. चहात पुरती भिजवल्याशिवाय दाताखाली धरू नका. आणि आवडलीच, तर मला कळवा. यांना मुळीच सांगू नका."