मुठीतलं रोप

लोणावळ्यात घराच्या पुढच्या खोलीत मी बारावीच्या मुलांची शिकवणी घेते. काही विद्यापीठांत प्रवेशासाठी इंग्रजीत निबंध द्यावा लागतो, मग मुलाखत होते. त्याची तयारी मी करून घेते.

काही वर्षांपूर्वी जवळच्या औंढे गावातली एक मुलगी आली. घरी भातशेती. मुलगी हुशार होती, पण बोलताना मधेच 'न्हाई' किंवा 'व्हय' आलं की लाजून गप्प व्हायची. मी तिला रोज आरशासमोर उभं करून बोलायला लावलं. दोन महिन्यांत तिच्या तोंडचं 'व्हय' पार गेलं. मला त्याचा अभिमान वाटला होता.

तिचा पहिला निबंध शाळेतल्या वाचनालयावर होता. मी म्हटलं, असे शंभर येतात, तुझ्याच आयुष्यात घडलेलं लिही. ती बराच वेळ वहीच्या कडा दुमडत बसली. मग तिनं सांगितलं, की लावणीच्या दिवसांत तिची धाकटी बहीण बांधावर साप चावून गेली. आई-वडील खाचरात होते. बहिणीवर लक्ष ठेवायचं काम तिचं होतं, आणि ती तेव्हा दहा वर्षांची होती.

हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहितानाही लाज वाटते. मला वाटलं, निबंध मिळाला.

तिला ते लिहायचं नव्हतं. मी लिहायला लावलं, चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी विचारत राहिले, पाऊस होता का, धाकटी कशी बसली होती, हातात काय होतं. हातातलं तिला आठवेना. मी म्हटलं, "मुठीत भाताचं रोप होतं असं लिही. वाचणाऱ्याला चित्र दिसायला हवं."

तिनं लिहिलं. मुलाखतीत तेच विचारलं गेलं. ती न अडखळता बोलली आणि तिला शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला.

आनंदानं मायलेकी माझ्याकडे आल्या, सोबत पिशवीभर इंद्रायणी तांदूळ. चहा झाल्यावर आई म्हणाली, एवढं काय लिहिलं पोरीनं, मराठीत सांगा की. काय लिहिलंय याची तिला कल्पनाच नव्हती. मुलगी खाली बघत होती. मला टाळता आलं असतं, पण मी वाचत गेले, आणि रोपाच्या ओळीपाशी आईनं हात वर केला.

"रोप न्हवतं, बाई. दवाखान्यात तिची मूठ मीच उघडली. रिकामी व्हती."

मग ती लेकीकडे वळली. "तुला दिसलं व्हतं का गं रोप?"

मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हय, आई," ती म्हणाली.

"असंल मग. माजंच ध्यान न्हवतं." आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला पुढं वाचायला सांगितलं.

त्या वेळी मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाही. निबंध शेवटपर्यंत वाचून दाखवला.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी भेटायला आली. मी म्हटलं, मी औंढ्याला येऊन तुझ्या आईला खरं सांगते.

"नको, मॅडम," ती म्हणाली. "आई आता सगळ्यांना सांगते, धाकटी पोर शेवटपर्यंत आमच्याबरोबर लावणी करत होती. सांगताना तिला जरा बरं वाटतं."

"आणि तुला?"

"मला आता नक्की काय होतं, तेच आठवत नाही," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर कुणाच्या घरातलं मरण मी निबंधात मागितलेलं नाही. तिची आई कधीमधी बाजारात भेटते, तब्येत विचारते, घरी या म्हणते. येते म्हणून मी भाजीची पिशवी उचलते. अजून गेलेले नाही.