गोड्या बावीचं पाणी

थेल्माबाईंच्या हातात कुणी कागद दिला की त्या आधी चष्मा पुसतात, मग घसा साफ करतात आणि मग असं खणखणीत वाचतात, की कागदात काही खोटं असेल अशी शंकाही ऐकणाऱ्याला येत नाही. छत्तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत मराठी शिकवलं, त्याचा हा परिणाम. ठाण्याच्या खाडीला लागून असलेल्या खारोळी गावठाणात कुणाला नोटीस येवो की कोर्टाचं पत्र, ते आधी टीचरच्या दारात यायचं. टीचर वाचणार, टीचर अर्थ सांगणार आणि टीचरनं सांगितला तोच अर्थ. गावाचा हा विश्वासच शेवटी बाईंच्या अंगाशी आला.

पाच वर्षांपूर्वी गावामागच्या मोकळ्या जागेत हॉकीचं मोठं स्टेडियम बांधायचं ठरलं. सोळा देशांच्या मुली इथे येऊन खेळणार, खारोळीचं नाव जगभर दिसणार! गाव हरखून गेलं. ज्यांनी जन्मात हॉकीची काठी हातात धरली नव्हती, तेही 'पेनल्टी कॉर्नर'वर बोलायला लागले. घोडं अडलं ते एकाच गोष्टीवर. त्या जागेत गोडी बाव होती.

बाव म्हणजे इकडची विहीर. आजूबाजूला सगळा मिठागरांचा मुलुख, हातभर खणलं तरी खारट पाणी, आणि त्यात ही एकटीच गोड. गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी हिच्याच पाण्यानं आंघोळ घालायची. लुगडी नेसलेल्या बाया वाजंत्री लावून, गाणी म्हणत जायच्या आणि कळशी भरून आणायच्या. त्याला उंबराचं पाणी म्हणतात. पाणी बावीचं आणि नाव उंबराचं का, ते कुणी विचारू नये. पोर्तुगीज आले, बाप्तिस्मे झाले, देवसुद्धा बदलला, पण हे पाणी काही बदललं नाही.

संमतीच्या सह्या घ्यायच्या दिवशी सगळं गाव चर्चच्या ओट्यावर जमलं होतं. बाईंनी चष्मा पुसला आणि वाचलं, "सदर विहीर सुरक्षित करण्यात येईल." मग वर्गात सांगावं तसं सांगितलं, "सुरक्षित. म्हणजे बाव जशी आहे तशी सांभाळून ठेवणार."

"करण्यात येईल म्हणजे?" मागून टेरेन्सचा आवाज आला. टेरेन्स म्हणजे बाईंचे थोरले दीर. तेव्हा पंच्याहत्तरीला आलेले, आणि रोज सकाळी बावीचं तांब्याभर पाणी प्यायल्याशिवाय चहाला न शिवणारे. "आता काय ती असुरक्षित हाय? नीट लिवून घे, थेल्मा."

"भावोजी, मराठी मी शिकवते की तुम्ही?"

ओटाभर लोक हसले. टेरेन्स हसले नाहीत, पण सगळ्यात शेवटी त्यांनीही सही केली. कागदावर नाही हो, भावजयीच्या शब्दावर केली.

त्यानंतर जागेला पत्रे लागले. पत्र्यांच्या आत डंपर जायला लागले, डबर भरून जायचे आणि रिकामे परत यायचे. एक दिवस टेरेन्स बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. "बावीत टाकतात ते डबर. मी आवाज वलखतो." बाई म्हणाल्या, "असं कसं टाकतील? कागदावर लिहिलंय." टेरेन्स वळले, आणि त्या दिवसापासून त्यांनी भावजयीशी बोलणं सोडलं. दोन घरांमध्ये भिंत एकच. इकडची शिंक तिकडे ऐकू यायची, पण चार वर्षांत शब्द म्हणून आला नाही.

कागदावर बाईंचाही पुरता विश्वास होता असं समजू नका. विश्वास डळमळला की त्या तो कागद काढून पुन्हा वाचायच्या, एवढंच. शिकलेल्या माणसाचं हे एक असतं, छापलेलं दिसलं की त्याला धीर येतो.

आणि मग यंदा स्पर्धा आली. येण्याआधी महिनाभर तिनं खारोळीला वेढा घातला. स्टेडियमच्या बाजूला पत्रा होताच, आता रस्त्याच्या बाजूलाही लागला, कारण परदेशी पाहुण्यांच्या बसमधून गावाची वाळत घातलेली सुकट दिसता कामा नये. पत्र्यावर रंगवलेले फ्लेमिंगो बाहेरच्यांसाठी, गंजकी बाजू गावासाठी. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. खारोळीकरांच्या नशिबी दोन्हीकडे पत्राच होता. मध्ये एक गेट. प्रत्येकाच्या गळ्यात फोटोचा पास, तो दाखवल्याशिवाय स्वतःच्या घरी जायची सोय नाही. बायजा कोळीण पंचवीस वर्षं टोपली घेऊन गावात यायची, तिला गेटवरून परत पाठवलं. दुधाची पिशवीही एक्स-रेतून यायची.

टीव्हीवाल्या पोरीनं माईक पुढे केला, "आंटी, आपल्या ठाण्यात एवढी मोठी स्पर्धा होतेय, कसं वाटतंय?" बाई गळ्यातला पास चाचपत म्हणाल्या, "अभिमान वाटतो." दुसरं काय म्हणणार? गावाला होय म्हणायला लावणाऱ्या त्याच होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायचा आणि वर कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, असे ते दिवस होते.

त्यातच फियोनाचं लग्न. फियोना बाईंची एकुलती एक मुलगी, हॉस्पिटलात नर्स. नवरा मुलगा लॉईड जहाजावर नोकरीला, त्याला तीन आठवड्यांची सुट्टी, तीही नेमकी स्पर्धेतच. लग्न शनिवारी. म्हणजे उंबराचं पाणी शुक्रवारी, आणि शुक्रवारी सेमीफायनल.

"मम्मी, नळाचं घेऊया ना," फियोना म्हणाली होती. पण लगेच तिचा आवाज खाली आला. "नको. डॅडी म्हणायचे, माझ्या पोरीचं पाणी मी वाजवत आणीन. ते नाहीत, निदान पाणी तरी बावीचं असू दे."

बाईंनी अर्जांवर अर्ज केले. शेवटी स्पर्धेच्या कार्यालयातल्या संचिता नावाच्या अधिकारी मुलीनं ते मनावर घेतलं. मुलगी डोंबिवलीची, सव्वीस-सत्तावीसची, खरंच चांगली. तिनं साहेबांशी भांडून परवानगी आणली. शुक्रवारी सकाळी सव्वासात ते साडेसात, व्यक्ती एक, वाद्ये नाहीत.

"आणि आंटी, काळजी करू नका," ती म्हणाली. "मी स्वतः रेकॉर्ड बघितलंय. विहीर सुरक्षित केलेली आहे."

तो शब्द ऐकला आणि बाईंनी घरी जाऊन पुन्हा तो जुना कागद काढला.

शुक्रवारी सकाळी गेटपाशी बाया लुगडी नेसून उभ्या राहिल्या. वाजंत्री बाहेरच अडकलेली. पण गाण्याबद्दल नियमात काही नव्हतं, म्हणून बायांनी गाणी सुरू केली. बाई तांब्याची कळशी घेऊन एकट्या गेटमधून स्टेडियमच्या आवारात गेल्या. वाटेत पाण्याचे सात-आठ टँकर ओळीनं उभे होते. सामन्याआधी त्या हिरव्या मैदानाला न्हाऊ घालावं लागतं, असं सोबत आलेल्या संचितानं सांगितलं. बाव असताना टँकर कशाला, हा प्रश्न बाईंच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

जिथे बाव होती तिथे सिमेंटचा गोल चौथरा होता. त्यावर लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप, आणि पाटी, 'संरक्षित जलस्रोत क्रमांक ३'. चौथऱ्यातून एक चकचकीत नळ बाहेर आला होता.

"बघा, एकदम सुरक्षित!" संचिता खुशीत म्हणाली.

बाईंनी नळ सोडला. स्वच्छ, थंडगार पाणी आलं आणि बाईंना रडूच फुटलं. चार वर्षांचं ओझं उतरलं होतं. बाव होती! झाकून ठेवली होती, कुलपात होती, पण होती. आता घरी जायचं आणि भावोजींच्या दारात कळशी ठेवून सांगायचं, बघा, मी चुकीचं वाचलं नव्हतं.

गावात परतताना गेटवर राकेश नावाच्या गार्डनं हात आडवा केला. "आंटी, कळशीत काय आहे?"

"पाणी. माझ्या मुलीच्या लग्नाचं."

"सॉरी आंटी, रूल आहे. पाणी असलं की एक घोट पिऊन दाखवायचा. कोणी पण असो."

पलीकडे बाया गात होत्या. बाईंनी ओंजळीत घेतलं आणि प्यायल्या.

क्लोरीन. टँकरच्या पाण्याचा उग्र, औषधी वास घशाशी आला. गोड्या बावीच्या पाण्याला जिभेवर शेवटी किंचित लोखंडाची चव यायची. जन्मभर प्यायलेलं पाणी माणूस विसरत नाही. नळाचा खालच्या बावीशी काही संबंध नव्हता. खाली डबर होतं. भावोजींनी आवाज बरोबर ओळखला होता.

"ओके आंटी, जा," राकेश म्हणाला.

बाईंनी मागे पाहिलं. संचिता हसून हात हलवत होती. तिलाही कागदानंच सांगितलं होतं, तिच्यावर काय चिडणार? पुढे बाया. मागे जाऊन उपयोग नव्हता आणि पुढे जायला तोंड नव्हतं. शेवटी बायांनीच त्यांना कळशीसकट मध्ये घेऊन घराकडे नेलं.

अंगणात मांडवाखाली फियोना पाटावर बसली होती. डोळे चमकत होते तिचे. "बावीचं आहे ना गं, मम्मी?"

छत्तीस वर्षं हजार-दोन हजार मुलांना खरं बोलायला शिकवलेल्या बाईंनी कळशी खाली ठेवली आणि पदरानं तिचा काठ पुसायला घेतला.

मांडवाच्या खांबाला टेकून टेरेन्स उभे होते. चार वर्षांत भावजयीच्या अंगणात पाय न ठेवलेला माणूस पुतणीच्या पाण्याला मात्र आला होता. ते काठी टेकत पुढे आले, कळशीत बोटं बुडवली आणि जिभेला लावली.

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, ते फक्त बाईंना दिसलं. आता सगळ्या गावासमोर बोलतील, बोलू देत, तो हक्क त्यांचाच आहे, असं मनात म्हणून बाईंनी मान खाली घातली.

"अंकल?" फियोना म्हणाली. "गोड आहे?"

टेरेन्सनी ओली बोटं धोतराला पुसली आणि चार वर्षांनी पहिल्यांदा भावजयीच्या डोळ्यांत बघितलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "थेल्मानी वाचला व्हता ना, तसाच हाय. वत, थेल्मा. पोर कुडकुडते."

आणि थेल्माबाईंनी कळशी उचलली.