आक्कांच्या मांडीवरचं सूप

मूल सांभाळायला बाई शोधणं हे जावई शोधण्यापेक्षा कठीण. जावयाबद्दल निदान गावात चार माणसं खरं-खोटं काहीतरी सांगतात.

मुलगी अडीच वर्षांची असताना माझी बेळगावहून निपाणीच्या बँकेत बदली झाली. नवरा संकेश्वरच्या बाजूला साखर कारखान्यात, पाळीचं काम. सासूबाई बेळगावचं घर सोडून दोन दिवससुद्धा यायला तयार नाहीत. तेव्हा सोमवारी कामावर रुजू व्हायचं आणि रविवारी बाई पक्की करायची, असा प्रयोग लागला.

मी मुलाखती घेतल्या. हसू नका, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून अगदी रीतसर घेतल्या. पहिली बाई माझाच पगार विचारून गेली. दुसरीनं मुलीला उचललं आणि मुलीनं असा सूर लावला की खालून घरमालकीणबाई धावत वर आल्या. त्यांनीच मग गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आक्कांना आणलं.

आक्का बसल्या नाहीत. दाराला टेकून उभ्या राहिल्या. मी प्रश्नांचा मारा सुरू केला. ताप आला तर काय कराल? दूध किती गरम द्याल? घराजवळ विहीर आहे? कुत्रं आहे? घरात कुणी पिणारं आहे?

"कुत्रं न्हाय, हीर न्हाय," आक्का म्हणाल्या. "पिणारा हुता, त्यो गेला. आता आमी सासवा-सुना आन नात."

तोवर आमची कन्या त्यांच्या पदराचं टोक तोंडात घालून उभी होती. निकाल लागला. आक्कांची अट एकच, मूल त्यांच्या घरी आणून सोडायचं.

दोन महिने मी बँकेत मिरवत होते. आमच्या आक्का अशा न् आमच्या आक्का तशा. मग मुलीला खोकला लागला. साधा नव्हे. झोपेत छाती भात्यासारखी वरखाली व्हायची आणि मी तिच्या पाठीवर हात ठेवून श्वास मोजत बसायची. औषधानं आठवडाभर थांबायचा, पुन्हा सुरू. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या एकाग्रतेनं मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस मी त्याचे शर्ट हुंगले. शेवटी तो कामावरून आला की दारातच हात पसरून उभा राहायचा. "घे बाई, आधी वास घे, मग चहा दे." दही बंद, केळी बंद, पडदे धुऊन झाले. काउंटरवर पैसे देताना माझ्या कानात तो खोकलाच वाजायचा. चेकवर कुठे सही केली ते कळायचं नाही.

अशातच संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आमच्या लेकीनं नुकतीच एक कला शिकलेली. मांडीवर ताट घ्यायचं, विड्याचं पान त्यात ठेवायचं, चिमूटभर साखर पेरायची, दोन्ही हातांच्या बोटांनी सुर्रकन गुंडाळायचं आणि टोक नखानं आत दुमडायचं. मला वाटायचं, आक्कांचं बघून विडा करते. मी तिला मधोमध बसवलं, बायकांना गप्प केलं आणि म्हटलं, "बघा हं, आमच्या घराण्याचा खास विडा."

ती एकामागून एक वळत गेली. बायका हसल्या. घरमालकीणबाई तर डोळे पुसत हसल्या.

"अवो ताई, विडा कसला? बिडी वळत्या तुमची लेक. आन झ्याक वळत्या."

सगळ्यांबरोबर मीही हसले, आणि हसता हसता डॉक्टरांचा सिगारेटचा प्रश्न आठवला. बायका गेल्यावर मालकीणबाईंना जिन्यात गाठलं. "आक्का बिड्या वळतात हे तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"त्यात सांगायचं काय? हितं घरटी बाई वळत्या. सैपाक करत्या का म्हून इचारलासा का? तसंच हे."

माझ्या एवढ्या प्रश्नांत तो एक प्रश्न नव्हता. सकाळी घाईत मुलीला दारातच सोडायची, संध्याकाळी आक्का तिला घेऊन दारात उभ्या असायच्या; आत कधी डोकावलंच नव्हतं. आणि वास? अख्ख्या गल्लीलाच तंबाखूचा वास, त्यात आक्कांच्या घराचा वेगळा कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्कांच्या घरी आत शिरले. पुढच्या सोप्यात आक्का आणि सून समोरासमोर, मांड्यांवर सुपं, सुपांत तंबाखू. मांडी अडलेली म्हणून माझी मुलगी आक्कांच्या पाठीला मिठी मारून झोपलेली. शेजारी त्यांची नात, माझ्या मुलीहून थोडी मोठी, कातरलेली पानं रचत होती. उन्हाच्या पट्ट्यात बारीक धूळ तरंगत होती.

"आक्का, तिच्या छातीत जातंय हो हे."

त्यांचे हात थांबले. "आमची पोरं ह्यातच वाढल्यात, म्याडम."

"डॉक्टर म्हणतात, असंच राहिलं तर दमा होईल. उद्यापासून तुम्ही आमच्याकडे या. सूप आणायचं नाही."

"मग वळायचं कवा?" सून म्हणाली. "कमी वळलं की कारखानावाले बिडी कामगाराचं कार्ड काढून घेत्यात. कार्ड गेलं की फुकटचा दवाखाना गेला."

तेवढ्यात नात खोकली. माझ्या मुलीसारखीच, तसाच आत ओढून. आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो.

"यीन मी," आक्का म्हणाल्या. "सूप न्हाय आणत. राती वळतो. पर हिला संगं आणणार."

"दोघींना एकट्या कशा सांभाळाल?"

"हितं कशा सांभाळतोय? तुमच्या पोरीला सोसत न्हाय म्हून सूप नगं म्हणतासा. मग हिला सोसतंय व्हय?"

"दोघी या," म्हटलं आणि मुलीला उचललं.

दोन्ही पोरी आमच्या घरात वाढू लागल्या. भिंती रंगल्या, नवऱ्याच्या चपला खिडकीतून खाली गेल्या. माझ्या मुलीचा खोकला महिन्याभरात थांबला, श्वास मोजणंही सुटलं. नातीचा मात्र शनिवारपर्यंत जरा सैल व्हायचा. रोज संध्याकाळी आक्का तिचं बोट धरून घरी न्यायच्या, आणि तिथे रात्री बिड्या वळणं चालायचं. रविवार पूर्ण तिथेच.

सोमवारी सकाळी मी साडीच्या निऱ्या घालत असायची, आणि जिन्यात पावलांच्या आधी तिचा खोकला वर यायचा.