वर्तुळाच्या आत

तोआ पायोह वस्तीतल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मंडपात, आम्ही दोघे अनोळखी एकाच टेबलावर बसलो होतो. मी फोनवर मराठीत बोललो, तेव्हा समोरचे साठीचे गृहस्थ बोलते झाले. परदेशातल्या एएम रेडिओ केंद्रांचे कार्यक्रम एफएमवर पुन्हा ऐकवणारे छोटे ट्रान्समीटर असतात. त्यांचा आवाज कुठवर पोचेल याचे नकाशे ते या शहरात बसून आखत.

त्यांनी कॉफीचा ओला कप टिश्यूवर टेकवला. तपकिरी वर्तुळ उमटलं. “हे मूळ केंद्र. याचा आवाज जिथवर पोचतो, त्याच्या आतच एफएमने राहायचं, असा नियम.” त्यांनी आत पेनाने लहान वर्तुळ काढलं. “एका गिऱ्हाइकाचा टॉवर टेकडीवर होता, म्हणून वर्तुळ जरासं बाहेर जात होतं. तो म्हणाला, राहू दे, कोण बघतंय? मी पॉवर कमी केली. पुढची कामं त्याने दुसऱ्याला दिली.”

“थोडं बाहेर गेलं तर काय बिघडतं?”

“बाहेर दुसऱ्या कुणाचं तरी केंद्र असतं,” ते ताठ बसत म्हणाले. “आजवर माझी एक रेघ बाहेर गेलेली नाही.”

मी बँकेत आहे. आमच्याकडे हद्द वाढवणाऱ्याचं कौतुक होतं. हद्द पाळल्याचा एवढा अभिमान मी पहिल्यांदाच पाहिला.

निघताना त्यांनी ट्रे उचलला आणि टेबल पुसलं. बरोबर अर्धं, फक्त आपल्या बाजूचं.