पडद्याची पारख

मुलीने एकाच हेडफोनच्या जुन्या आणि नव्या आवृत्त्या पाठवल्या होत्या. एक ठेवून दुसरी संध्याकाळपर्यंत परत धाडायची होती. या हेडफोनमध्ये केसाहून पातळ पडदा विजेच्या ओढीने कंप पावतो. तबल्याची पुडीही पडदाच, म्हणून पारख करून घ्यायला मी गंगाखेडच्या तबला बनवणाऱ्या एका कारागिरांकडे गेलो.

“मला नवी सरस वाटते,” मी म्हणालो.

पुडीवर भरायची काळी शाई बोटांना लागली होती, ती फडक्याला पुसून त्यांनी दोन्ही ऐकल्या आणि ते हसले. “सर, नवी जोरात वाजायलीय, म्हणून गोड लागायलीय. आदी दोनीचा आवाज सारखा करा की!”

जन्मभर प्रयोगशाळेत हेच शिकवलेला मी वरमलो. आवाज समान करून आमच्या शाळेच्या भजनाचे ध्वनिमुद्रण लावले. त्यातला तबला त्यांनीच बनवलेला होता. नवीत डग्गा भरदार वाटला. जुनीत प्रत्येक बोट सुटे ऐकू आले. डोळे मिटून त्यांनी जुनीवर तोच तुकडा तीनदा ऐकला.

“शाई एका अंगाला जाड बसलीय. माझीच चूक. नवीत ती लपून जायलीय.”

“मग कोणती ठेवू?”

“नवी ठेवा, माझी अब्रू ऱ्हाईल,” ते मिश्कीलपणे म्हणाले. मग गंभीर झाले. “तबला मात्र उद्याच आणा. शाई नव्यानं भरतो.”

त्या संध्याकाळी मी नवी परत पाठवली.