कुसुमताईंनी अंगावर घेतलेला आळ

मुलं कामाला लागली की कुसुमताई देवतळे स्वतःच्या हातांवर बसत. अगदी खरोखर. वर्गातल्या बुटक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. समोर चौथीतली पोरं पुठ्ठा वाकडा कापताहेत, डिंक टेबलभर सांडताहेत, आणि बाई ढिम्म. मिल्टन कीन्समधल्या त्या प्रायमरी शाळेत मी टीचिंग असिस्टंट म्हणून पहिल्या दिवशी गेले, तेव्हा मला वाटलं, बाईंना थंडी वाजतेय. मी तत्परतेने रेडिएटर वाढवून आले.

"थंडी नाही वाजून राहिली मले," दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या. "हे हात लय चावट आहेत. मोकळे सोडले का पोट्ट्यांच्या कामात घुसतात. तूही बसत जा."

ताई नागपूरच्या. पंचवीस वर्षं इंग्लंडात काढलेली, मुलांशी इंग्रजी असं बोलत की पालकांनाही वचक बसावा. पण डबा उघडला की नागपूर बाहेर यायचं. मी पुण्याची. तेव्हा वय अडतीस, बी.एड.ला पहिला वर्ग, अक्षर वळणदार आणि डोक्यात हवा. शिकवणं म्हणजे काय ते इंग्लंडला समजावून सांगण्यासाठीच आपला जन्म झालाय, अशी माझी समजूत होती. आज ती अडतीस वर्षांची बाई मला रस्त्यात भेटली तर मी राउंडअबाउटला तीन जादा फेऱ्या मारीन, पण तिला लिफ्ट देणार नाही.

ताईंच्या वर्गात दर टर्मला एक खराखुरा प्रश्न असे. पुस्तकातला नव्हे, शाळेच्या आवारातला. चार-चार मुलांचे गट, आणि गटाला कात्री एकच. मुलं कात्रीवरून भांडायची. मला दया आली आणि मी दुकानातून पाच-सहा कात्र्या आणल्या. ताईंनी त्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"चार कात्र्या दिल्या का चार प्रकल्प होतात," म्हणाल्या.

"अहो, पण भांडतात ती!"

"मग? भांडून पुन्हा एका टेबलावर बसणं हा काय लहान विषय आहे, बाप्पा? तुझ्या बी.एड.ले होता का हा पेपर?"

नव्हता. मी पोळीकडे वळले.

त्या वसंतात शाळेच्या छोट्या तळ्यात एक हेजहॉग मेलेला सापडला. मुठीएवढा काटेरी प्राणी. पाणी प्यायला आला आणि तळ्याच्या उभ्या काठावरून त्याला वर चढता आलं नाही. ताईंना टर्मचा प्रश्न मिळाला : पुढचा हेजहॉग पडला तर बाहेर कसा येईल?

एका गटात जोडी नावाची मुलगी होती. किडकिडीत, वर्षभर तोंडातून शब्द नाही. काही विचारलं की एक खांदा उडवायची. तिच्या गटातल्या तिघांनी फळीचा उतार करायचं ठरवलं. मोजमापं चालू असताना जोडी एकदम म्हणाली, "पाय घसरतील त्याचे."

तिघं थांबली. दुसऱ्या दिवशी जोडीने घरून एक जुनं पायपुसणं आणलं. मळकं, एक कोपरा कुत्र्याने चावलेला. चौघांनी मिळून ते फळीवर ठोकलं, अर्थातच वाकडं. मग जोडी जी बोलायला लागली ती थांबेना. वर्षात पहिल्यांदा ताईंना तिला "जरा हळू" म्हणावं लागलं. म्हणाल्या, आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन डोळे पुसून आल्या. मी पाहिलं तर म्हणाल्या, "डिंकाचा वास झोंबून राहिला."

सोमवारी पालक आणि शाळेच्या कमिटीचे गव्हर्नर ते काम बघायला येणार होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तळ्याकाठी गेले. खिळे बाहेर आलेले, फळीवर ते चावलेलं पायपुसणं. माझ्या मनात आलं, लोक काय म्हणतील! हाच माझा सगळा शिक्षणविचार होता. मी फळी गाडीच्या डिकीत टाकली. नवऱ्याने ती घासून गुळगुळीत केली, मी व्हार्निशचे दोन हात दिले. पायपुसणं कचऱ्याच्या बिनमध्ये. सोमवारी सकाळी कोणी यायच्या आत फळी जागेवर ठेवून मी साळसूदपणे वर्गात हजर.

गव्हर्नरांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत जोडीने "मॅट कुठाय?" असं दोनदा विचारलेलं मी ऐकलं. दोन्ही वेळा मला पलीकडे महत्त्वाचं काम निघालं.

बुधवारी त्या चकचकीत फळीशेजारी पाण्यात दुसरा हेजहॉग मेलेला सापडला.

मुलं गालिच्यावर गोल करून बसली. जोडी तिघांना म्हणाली, "तुम्ही काढलंत. तुम्हाला ते घाण वाटत होतं." एक म्हणाला मी नाही, दुसरी म्हणाली याने, तिसऱ्याला रडू फुटलं. जोडीने तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईंनी वर्गाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घड्याळाकडे. मी पेन्सिलींना टोक करत होते. आधीच टोक असलेल्या पेन्सिलींना.

मग ताई शांतपणे म्हणाल्या, "ते मी काढलं. तुम्हाला न विचारता. मला वाटलं, छान दिसेल. चूक माझी आहे. सॉरी, जोडी. सॉरी, तुम्हा सगळ्यांनाच."

जोडी हळूहळू वळली. चौघांनी त्याच आठवड्यात नवी फळी केली, नवं पायपुसणं ठोकलं, पहिल्याहून वाकडं. मी कबुली दिली नाही. माझं कॉन्ट्रॅक्ट तेव्हा कायम व्हायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला नऊ वर्षांच्या मुलांसमोर लाज वाटली. त्या दुपारी ताईंनी नेहमीसारखं डब्यातलं लोणचं पुढे केलं आणि एक अक्षर विचारलं नाही.

रिटायर झाल्यावर त्या नॉटिंगहॅमला लेकीकडे राहायला गेल्या. मागच्या वर्षी फार आजारी पडल्या, तेव्हा भेटायला गेले आणि पलंगाशेजारी बसून एकदाचं सांगितलं.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. "महिनाभर तुझी गाडी व्हार्निशनं घमघमत होती, वेडे."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट पाहिली ना. घड्याळाकडे पाहून. एक मिनिट."

"एकच मिनिट, ताई?"

"चार पोरं एकमेकांकडे चोर म्हणून पाहून राहिली होती. त्यांच्यासाठी मिनिट लय मोठं असते."

मी म्हटलं, "मला माफ करा."

"माझं काय नेलं तू? माझ्यापाशी माफी मागून सस्त्यात सुटून राहिली. जोडीले सांग."

त्यानंतर दोन महिन्यांनी त्या गेल्या.

जोडी आमच्याच भागात राहते. आता तिची स्वतःची दोन मुलं आहेत. सुपरमार्केटमध्ये ती दिसली की मी इतकी वर्षं डबाबंद टोमॅटोंच्या मागे लपत आले. साठी उलटलेल्या बाईने असं वाकून बसणं गुडघ्यांना चांगलं नव्हे. ताईंच्या अंत्यविधीनंतरच्या आठवड्यात ती समोरून ट्रॉली घेऊन आली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. डिकी, व्हार्निश, बिन, पेन्सिली.

"मिसेस डींनी सगळ्यांसमोर मला सॉरी म्हटलं होतं," ती म्हणाली, ताईंचं वर्गातलं नाव घेऊन. "तोपर्यंत मला कोणत्याच मोठ्या माणसाने कधी सॉरी म्हटलं नव्हतं. मी ते अजून माझ्या मुलांना सांगते."

तेवढंही मी तिच्याकडून काढून घेतलं होतं.

"म्हणजे ते सॉरी त्यांचं नव्हतंच," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "आणि तुम्ही एवढं सगळं सांगितलंत, पण तो शब्द तुम्ही अजून म्हटलेलाच नाही."

या देशात मी दिवसातून पन्नास वेळा सॉरी म्हणते. कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी मीच म्हणते. त्या दिवशी मात्र तो एक शब्द ओठांवर यायला इतका वेळ लागला की मागच्या दोन ट्रॉल्या वळसा घालून निघून गेल्या. जोडी तशीच थांबली. घाई न करता, मधे न बोलता, माझं मला म्हणू देत.