खडवलीच्या पाटीचा पिवळा

आमचा राजरत्न दिवा स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. शटर अर्धंच वर जायचं, गिऱ्हाईक वाकून आत. लोकांनी टाकून दिलेले जुने कॉम्प्युटर आणायचा आणि त्यात लिनक्स नावाची सिस्टीम टाकायचा. बोलायचा, फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या मशीनला झेपतं. पण नुसतं टाकून हातात द्यायचा नाही, ज्याचं त्याला आवडेल असं सजवून द्यायचा. त्याला थीम म्हणतात. अक्षरं, रंग, बटणं, सगळंच बदलतं त्यात. खानावळवाल्या विमलाबाईंना हिरवी करून दिलेली. त्या बोलल्या, "अरे राजू, हा तर माझ्या डब्यांचा रंग!" तर हा बोलतो, "मग? बघूनच केलाय."

पण त्याची खरी थीम त्यानी केली ती आबांसाठी, म्हणजे त्याच्या वडलांसाठी. आबा रेल्वेत पेंटर होते. कसारा लायनीवरच्या स्टेशनांच्या पाट्या रंगवायचे, पिवळ्यावर काळी अक्षरं. रिटायर झाल्यावर रोज दुपारी कॉम्प्युटरवर पेपर वाचायचे, तेपण मोठ्यानी. दुपारी राजरत्न जेवायला घरी यायचा, बाजूला बसून काहीतरी खोलत असायचा. आबा दमले, थांबले, की मान वर न करता बोलायचा, "पुढे?" की आबा परत सुरू.

मग काचबिंदू झाला. कॉम्प्युटरचा पांढरा पडदा त्यांना सहनच होईना. "डोळ्यात चुना उडाल्यासारखं होतं रे," बोलले. राजरत्ननी विचारलं, "मग तुम्हाला नीट काय दिसतं, आबा?" आबांनी जरा विचार केला. "परवा लग्नाला गेलेलो ना, तेव्हा गाडीतून खडवली स्टेशनची पाटी दिसली. लांबून दिसली."

झालं. राजरत्न त्या पिवळ्याच्या मागे लागला. रोज नवा पिवळा करून दाखवायचा आणि रोज आबा नापास करायचे. "हा लिंबाचा. पाटीचा पिवळा हळदीकडे जातो." दर्शना, राजरत्नची बायको, साडीला फॉल लावता लावता हसायची. "अहो, घरात लग्न आहे का कोणाचं, हळदीवरनं एवढी भांडणं!" शेवटी एकदाचा पास झाला. आबा खुर्चीत सरळ बसले आणि धडाधड वाचायला लागले. फक्त एक बोलले, "चारी बाजूनी काळी पट्टी जाड पाहिजे राजू. पट्टीशिवाय पाटी उघडी दिसते."

"उद्या करतो, आबा."

ती पट्टी राहिली. दुसऱ्या दिवशी दुकानातच राजरत्नच्या छातीत कळ आली आणि सगळं संपलं.

आबा रडले नाहीत. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, तसे दुपारी येऊन कॉम्प्युटरसमोर बसायचे. मोठ्यानी नाही वाचायचे, पण बसायचे. मग एकदा लाईट गेली आली, गेली आली, आणि तो कॉम्प्युटर जळाला. घरात राजरत्नचा स्वतःचा लॅपटॉप होता, दर्शनानी तो लावून दिला. आतमध्ये सगळं पांढरंफेक. आबांनी डोळ्यांवर हात धरला, उठले, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर रोज तसेच. जेवायला उठायचे तेवढेच.

रविवारी कांता आली कल्याणहून, राजरत्नची मोठी बहीण. "मी नेते आबांना. माझ्याकडे टीव्ही तरी ऐकतील."

"टीव्ही ऐकून काय करायचं त्यांनी, ताई? त्यांना वाचायचंय," दर्शना बोलली. "मी बसवते ती थीम."

"तू? अगं, तू आठवी पास!"

"आठवी तर आठवी. इतकी वर्षं बघत होते ना."

राजरत्नच्या किल्ल्यांना पेनड्राईव्ह होता, त्यात थीम होती. ती कुठे ठेवायची तेपण दर्शनाला माहीत होतं, कारण फोनवर गिऱ्हाईकांना सांगताना हजार वेळा ऐकलेलं. होममध्ये थीम्स नावाचं फोल्डर करा आणि नावाच्या आधी टिंब द्या. तिनी टिंब दिलं, नाव टाकलं, एंटर मारलं, आणि फोल्डर गायब. परत केलं. आता कॉम्प्युटर बोलतो, या नावाचं आधीच आहे.

"आहे बोलतो आणि दिसत तर नाही!"

"राजूचाच लॅपटॉप तो," कांता बोलली. "लहानपणी माझी चप्पल अशीच लपवायचा मेला." आणि बोलता बोलता तिचा आवाज गेला.

मग कांतानी नाक पुसलं, चष्मा लावला आणि वरची बटणं एकेक उघडून वाचायला लागली. "शो हिडन फाईल्स. म्हणजे लपलेलं दाखव."

"दाबा, दाबा!"

दाबल्याबरोबर टिंबवाली सगळी फोल्डरं वर आली. टिंब दिलं की लपतं, हे सांगायचं तो विसरला असेल, नाहीतर तिनी विचारलं नव्हतं. थीम आत टाकली. सेटिंगमध्ये यादीत नाव आलं, आबा. त्यावर क्लिक केलं आणि सगळा पडदा पिवळा झाला, हळदीकडे जाणारा.

"आबांना उठवू?" कांता बोलली.

"थांबा. पट्टी राहिलीय."

राजरत्न थीमची फाईल उघडून आकडे बदलायचा ते दर्शनानी बघितलेलं. तिनी फाईल उघडली. सगळं इंग्रजी, मुंग्यांच्या रांगा. त्यात एकच शब्द ओळखीचा निघाला, बॉर्डर, म्हणजे साडीचा काठ. साड्यांच्या दुकानाच्या पिशवीवर रोज वाचायची. बॉर्डरपुढे एकचा आकडा होता, तिनी पाच केला. सेव्ह केलं, बंद करून उघडलं. बटणंच फुगली, पट्टी होती तशीच.

"अगं, ही काय टम्म पुरी झाली!" कांता इतक्या दिवसांनी हसली.

पहिला आकडा परत होता तसा केला आणि खाली दुसरी बॉर्डर सापडली, तिथे पाच केला. पेपर उघडला. चारी बाजूनी काळी जाड पट्टी.

आबांना हाताला धरून आणलं. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. एक बोट पट्टीवरून फिरवलं, वरून, बाजूनी, खालून, ओला रंग बघतात तसं हलकं. खालच्या कोपऱ्याशी बोट थांबलं.

"राजूनी केली?"

"थीम त्यांची. पट्टी मी लावली, आबा."

आबा खुर्ची ओढून बसले. मग पहिली बातमी वाचायला लागले, मोठ्यानी. पाण्याची बातमी होती. दोन ओळी वाचल्या आणि थांबले.

कांता दर्शनाकडे बघायला लागली. दर्शनानी कालची अर्धी राहिलेली साडी मांडीवर घेतली, सुईत दोरा ओवला, आणि मान वर न करता बोलली, "पुढे?"